मागच्या बाकावरचे मिस्त्रीमामा

मिस्त्रीमामा माणसाकडे बघताना डावा डोळा मिटत. ही गवंड्याची सवय. आयुष्यभर एका डोळ्याने भिंतीचा ओळंबा बघितला आणि पुढे माणसे बघतानाही तो डोळा आपोआप मिटू लागला. भोरच्या एसटी स्टँडवर कोणी ओळखीचे भेटले, की आधी डोळा मिटायचा आणि मग त्यांचा 'सलाम' यायचा. ज्याच्या मनात काही काळेबेरे असेल तो तेवढ्या वेळात हमखास दुसरीकडे बघे.

महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हॉटेलवाल्याच्या कंपाउंडची भिंत त्यांनी बांधून पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पाडायला घेतली. मालक धावत आला.

"अवो मिस्त्री, काय आरंभलंय?"

"पोट काढलंय भिंतीनं."

"मला तर काय दिसंना!"

"मला दिसतंय ना."

"मंग वरनं गिलावा मारा की. झाकून जाईल."

"गिलाव्यानं दिसायचं थांबतंय. वाकडं सरळ व्हत न्हाई."

भिंत पुन्हा उभी राहिली. तेवढे दिवस त्यांनी मजुरी घेतली नाही. गिलाव्याचे हे वाक्य मात्र आम्ही पुढे चर्चमध्येही पुष्कळदा ऐकले. तिथे ते भिंतींबद्दल नसे.

त्यांच्या कामावर शिवी चालत नसे. ज्याच्या तोंडून शिवी जाईल त्याने संध्याकाळी सगळ्यांच्या थाप्या आणि घमेली धुवायची. बबन नावाचा त्यांचा एक जुना बिगारी होता, आंबवड्याचा. तो एकदा पाणी पिताना म्हणाला, "मिस्त्री, आज तोंडातनं शिवी गेली न्हाई, पर मनात लई आल्या. थाप्या धुवाव्या लागत्याल का?" मामांनी डोळा मिटून त्याच्याकडे बघितले. "निम्म्या धू," म्हणाले. बबनने खरोखर निम्म्या धुतल्या. बाकीच्या मामांनी धुतल्या. आपल्याही मनात आल्या होत्या, एवढेच त्यांनी सांगितले.

मी त्यांच्या शेजारच्या घरातला. त्यांना मूलबाळ नव्हते. मामींना अर्धांगवायू झाला तेव्हा मामा साठीच्या आत होते. पुढे मामी गेल्या तोपर्यंतची सगळी वर्षे त्यांचे अंथरूण, धुणे, जेवण मामांनीच केले. परांचीवरून पडून त्यांचा एक पाय आखूड झाला तोही याच काळात. गल्लीतल्या लोकांनी देवऋषी सुचवला, एका नातेवाइकाने दुसरी बायको सुचवली. दोघांनाही मामांनी चहा पाजून परत पाठवले. रविवारी सकाळी मामींना भरवून, पांढरा सदरा घालून ते लंगडत चर्चला येत आणि बरोबर वेळेवर भजन सुरू करत. देवाने तुमच्यावरच का ही वेळ आणली, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "माझ्यावर कुठं आणली? तिच्यावर आणली. मी नुसता पाणी देतोय."

आता मार्थाबद्दल सांगायला हवे.

आमच्या चर्चची मंडळी लहान आहे. भोर शहरात काही घरे, बाकीची वेल्ह्याकडे विखुरलेली. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, महिन्याच्या पहिल्या रविवारी पुण्याहून येत. त्या दिवशी प्रभुभोजन असे. भाकरीच्या तुकड्यांचे ताट आणि द्राक्षरसाचा प्याला बाकाबाकावरून फिरे. इतर रविवारी उपासना मिस्त्रीमामा चालवत. मंडळीच्या पंचांपैकीही ते एक होते.

मंडळीत एक जुना नियम होता. कोणी उघड पाप केले असे पंचांनी ठरवले, तर त्याचे नाव उपासनेत वाचले जाई. सहा महिने त्याला भाकर आणि प्याला मिळत नसे. तो मागच्या बाकावर बसे. सहा महिने झाले, की ज्याने नाव वाचले त्यानेच त्या माणसाच्या घरी जायचे, त्याच्याबरोबर प्रार्थना करायची आणि हाताला धरून त्याला पुढे आणायचे. नियमाचा हा दुसरा भागही पहिल्याइतकाच बंधनकारक होता.

मार्था भोरमध्ये शिवणाच्या दुकानात कामाला होती. मार्गासनी गावचा मिलिंद टेम्पो चालवायचा. तो बौद्ध घरातला. दोघांनी रजिस्टर लग्न केले आणि ती मार्गासनीला राहायला गेली. पंचांच्या मते चर्चमध्ये न झालेले लग्न हे लग्न नव्हे. ती लग्नाशिवाय परपुरुषाच्या घरात राहते, असे ठरले. पुढच्या रविवारी मामांनी तिचे नाव वाचले. ती त्या दिवशी आली होती, नवी साडी नेसून. तिला उभे राहायला सांगण्यात आले. मामांनी डोळा मिटला, कागदावरचे वाचले आणि शेवटी स्वतःचे एक वाक्य जोडले. "भिंत वाकडी असली की पाडावीच लागते." मार्थाचा बाप पुढच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. आम्ही बाकीचे समोर बघत होतो.

सहा महिने पुरे व्हायच्या सुमारास मामींना तो अर्धांगवायूचा झटका आला. मामा पुण्याच्या दवाखान्यात अडकले. परत आले ते अंथरुणाला खिळलेली बायको घेऊन. मार्थाला आणायला जायचे राहून गेले. तिचा बाप वारला. विषय निघाला नाही.

पुढे मामीही गेल्या. मामांनी काम जवळजवळ सोडले होते. एका रविवारी उपासना झाल्यावर ते मला म्हणाले, मार्गासनीत एकाला न्हाणीघर बांधायचे आहे, गाडीवरून नेतोस का, जागा बघून येऊ. त्या न्हाणीघराच्या शेजारचे घर मार्थाचे निघाले. आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हते. ती अंगणात वाल निवडत बसली होती. मामांना बघून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "सलाम, मामा."

तिने चहा केला. मुलीने कप आणून दिले. दोनच कप होते.

"तू न्हाई घेत?" मामांनी विचारले.

"आज पैला रविवार न्हाई का? माझा उपास."

"कसला उपास?"

"तिकडं समदी भाकर घेत्यात त्या दिवशी मी काय खात न्हाई. मला बंदी हाय ना." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाणी आटले आहे, रस्ता खचला आहे, अशा सुरात ती सांगत होती. मग म्हणाली, "तुमी येणार व्हता. सहा महिन्यांनी. मी घर सारवून ठिवलं व्हतं."

मामांनी कप खाली ठेवला. त्या मधल्या काळात मिलिंदच्या टेम्पोला अपघात झाला होता, दोन वर्षे तो घरी बसून होता, तिने रोजंदारीवर भातलावणी केली होती. हे सगळे शेजाऱ्याने नंतर सांगितले. तिने एवढेच सांगितले, की रविवारी ती मुलीला घेऊन भजने म्हणते आणि मिलिंद बाहेर बसून ऐकतो.

परत येताना मामांनी मला गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मग म्हणाले, "मी तिला उपाशी ठिवली रे. आणि दर महिन्याला सोता जेवलो."

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ताट त्यांच्यापुढे आले तेव्हा त्यांनी ते न घेता पुढे सरकवले. पुढच्या महिन्यातही. मंडळीत तर्क सुरू झाले. मामांना मधुमेह होता.

"द्राक्षरसानं साखर वाढती म्हणून घेत नसतील."

"अहो, घोटभर रसानं?"

"मग भाकर तरी घ्यायची!"

मामांनी कोणालाच खुलासा दिला नाही. दर शनिवारी ते एसटीने मार्गासनीला जात. तिला आणायला. ती येत नव्हती. एकदा मी बरोबर होतो. मामांनी हात पुढे केला तेव्हा मार्था म्हणाली, "मला न्याल हाताला धरून. पर ह्याला काय म्हनून न्याल?" ओट्यावर मिलिंद बसला होता. तो म्हणाला, "जाऊ दे गं, म्हातारं माणूस हाय." ती म्हणाली, "का जाऊ दे? आमचं लगीन न्हाई म्हनले व्हते ते. समद्यांपुढं. आता हितं येऊन माफी मागत्यात. हितं कोण हाय ऐकायला? तू आणि कोंबड्या."

मिलिंद हसला. मामाही हसले, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता.

त्यांनी पंचांपुढे मागणी ठेवली, की जे चर्चमध्ये वाचले ते चर्चमध्येच मागे घ्यावे. पंचांनी नाकारली. एकदा रजिस्टर लग्न मान्य केले की उद्या चर्चच्या वेदीपुढे लग्नाला कोण येणार, हा त्यांचा मुद्दा होता. एक पंच समजुतीने म्हणाले, "मामा, तिच्या घरी जाऊन माफी मागा की. कोण अडवतंय?"

"तिचा अपमान मी घरी न्हाई केला," मामा म्हणाले.

पुढच्या पहिल्या रविवारी, पाळकसाहेब ताटावरचे फडके काढत असताना, मिस्त्रीमामा उठून पुढे गेले. कागद नव्हता. "मार्था आणि मिलिंदचं लगीन हे लगीन हाय," ते म्हणाले. "ते न्हाई म्हणून मी हितंच उभं राहून वाचलं. मी खोटं वाचलं. आणि सहा महिन्यांनी आणायला गेलो न्हाई. ते त्याच्याहून वाईट." पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मामा, बसा." मामा बसले. ताट नेहमीसारखे फिरले. मीही भाकर घेतली.

महिन्याभराने त्यांचेच नाव वाचले गेले. पंचांचा निर्णय मोडला म्हणून. पाळकसाहेबांचे वाचून संपायच्या आत मामांनी भजनांचे पुस्तक आणि काठी उचलली आणि ते लंगडत मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना कोणी थांबवले नाही. नंतर दारात मी म्हणालो, हा अन्याय आहे. ते म्हणाले, "नियम हाय. मी लोकांना लावला तवा तुला अन्याय दिसला न्हाई."

त्याच्या पुढच्या महिन्यात मार्था आली. मुलगी आणि मिलिंदही आले. तिघे सरळ मागच्या बाकावर, मामांच्या शेजारी बसले. ताट शेवटून दुसऱ्या बाकापर्यंत गेले आणि परत फिरले. मिलिंदने कुजबुजत विचारले, "आपल्याला न्हाई का?" मामा म्हणाले, "आपला उपास." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. इतका तो हलका होता.

पाचव्या महिन्यात मामांना न्यूमोनिया झाला. दरम्यान पाळकसाहेबांची बदली झाली होती. ज्यांनी नाव वाचले ते लांब नगरकडे गेले होते. मी मामांना म्हणालो, की फोन करतो, ते येतील, इथे खाटेवरच भाकर देतील. त्यांनी विचारले, "सहा महिने झाले का?"

"नाही."

"मंग मार्था इतकी वर्सं उपाशी राहिली, मला थोडं राहू दे."

दोन दिवसांनी ते गेले. कबरीचा खड्डा खणायला मिलिंद आणि मार्गासनीची माणसे आली. पंचांपैकी एकाने शोकसभेत मामांच्या निष्कलंक जीवनाबद्दल भाषण केले. मागच्या बाकाचा उल्लेख केला नाही.

मार्था अजून येते. तिथेच बसते. नवे पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी पंचांच्या बैठकीत विचारले, नाव वाचणारा हयात नसेल तर कोणी आणायचे? नियमात तशी तरतूद नव्हती. पुढच्या बैठकीत बघू, असे ठरले. त्यानंतर बऱ्याच बैठका झाल्या.

गेल्या पहिल्या रविवारी ताट फिरायला लागले तेव्हा मी उठलो आणि मागे गेलो. मार्थापुढे हात केला. तिने हाताकडे बघितले, माझ्याकडे बघितले.

"तुमी कुठं नाव वाचलं व्हतं, दादा?"

"नाही वाचलं."

"मंग तुमी काय केलं व्हतं?"

"ऐकलं होतं."

तिने हात धरला नाही. मुलीला जवळ ओढून बाकावर जागा केली. "बसा मंग," म्हणाली.

मी बसलो. ताट आमच्या पुढच्या बाकापर्यंत आले आणि परत गेले.