माहं कोपर वाकडंच हाय

क्रिकेटच्या सरनं बॅगेतून पट्टी काढली. लाकडाची, फूटभर. अमरावतीच्या मैदानावर आमी वीस पोरी रांगेत उभ्या, अन् पट्टी लावली एकट्या माह्याच हाताले. पट्टी सरळ, कोपर वाकडं. मधात बोट जाईन एवढी फट.

"बघा गं, अशा बोलिंगला फेकी म्हणतात," सर म्हनाले. "यांच्या लोकांचं सगळं वाकडंच."

पोरी हसल्या. जिच्यासंगं मी रोज डबा खाओ, ते वकिलाची पोरगीबी हसली. यांचे लोक म्हनजे कोन, हे सांगाची गरज नव्हती. पहिल्याच दिवशी सरनं आडनाव विचारलं होतं, मंग गाव, मंग गावातली वस्ती.

आठ वर्षांची असतानी मायसंगं कापूस वेचाले जाताना मी ट्रॉलीतून पडली. गावातल्या एका बुढ्यानं हाड बसवलं, ते वाकडंच बसलं. हात पुरा सरळ होतच नाही. त्याच हातानं मी चांदूर रेल्वे गावातल्या भल्याभल्या पोराईच्या दांड्या उडवल्या.

पन त्या दिवशी मी बाही कोपरावर ओढून घेतली. "तू नेटमध्ये टाकत जा, मॅचचं पाहू," सर म्हनाले. दोन सीझन टाकले. वकिलाच्या पोरीची बॅटिंग माह्या बॉलवर सुधरली. टीमच्या यादीत ते पोरगी, मी नाही. अन् लाज वाटे मलेच. याचा राग अजून जात नाही.

मंग एका मॅचले आलेल्या अंपायर काकाले मी भीत भीत विचारलं. त्यायनं बाजूले उभं राहून माहे सहा बॉल पाह्यले.

"वाकडा हात चालते, पोरी. टाकताना वाकड्याचा सरळ केला तं फेकी. तुहा तं सरळ होतच नाही."

एवढी सोपी गोष्ट. इतक्या वर्षांच्या कोचले माहीत नसन? मले नाही पटत.

निवडीच्या दिवशी बाहेरचे पाहुने बसले होते. सरनं पुन्हा पट्टी काढली. मी हात मांगं घेतला.

"आधी सगळ्याईले लावा, सर. वकील साहेबाच्या पोरीपासून."

"उद्यापासून येऊ नकोस."

"येईन. मैदान सरकारी हाय."

पाहुने खाली पाहू लागले. यादीत नाव आलं नाहीच. मी सरले अर्ज देला, कोनत्या नियमानं फेकी म्हनता ते लिहून द्या. उत्तर नाही. दुसरा देला.

माय म्हने, "पान्यात राहून माशाशी वैर कायले करतं?"

म्या म्हनलं, पानी काई त्याच्या बापाचं नाही.

उद्या सकाळी मैदानावर जाईन. नेटच्या बाजूले एक दांडी ठोकीन अन् तिच्यावर टाकीन. नाव यादीत लागेपर्यंत यांच्या एकाही पोरीले माहा बॉल खेळाले भेटनार नाही.