सात कोडांची पिकअप

आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळ गॅरेज चालवणाऱ्या चाचांना घाई ठाऊकच नाही. इतर मिस्त्री स्कॅनरवर इंजिनातल्या बिघाडाचा कोड दिसला की त्या नावाचा सेन्सर बदलून मोकळे होतात. चाचा सगळे कोड वहीत लिहितात, स्कॅनर फडक्यात गुंडाळतात आणि इंजिनाकडे बघत चहा पितात.

परवा आमच्या संघटनेच्या जुन्या पिकअपचे सात कोड निघाले. दुसऱ्या दिवशी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर पाण्यासाठी धरणं होतं, लाउडस्पीकर याच गाडीतून न्यायचा होता आणि गाडी चढावर धापा टाकत होती. मी वैतागलो. "चाचा, कोड पुसून टाका. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझला की निघतो मी."

"नेते, तुमच्या अर्जांचं सायेब लोक हेच करतात ना? पाणी नाय, पण कागदावर निकाली."

याच मुद्द्यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत. त्यातलं एकही कुणाला एवढं झोंबलं नसेल.

चाचांनी बॅटरीची अर्थिंगची वायर उपसली. ती हिरवी पडून कुजली होती. वायर बदलली, मगच त्यांनी कोड पुसले. सहा गेले, एक परत आला. "ह्याचं दुखणं वेगळं हाय. आल्यावर बघू, घाटात दमानं घ्या. दिवा राहू द्या."

पेटलेल्या दिव्यानिशी मी पाड्यावर पोचलो. पाणीपुरवठ्याचे साहेब फाइल घेऊन आले होते. "तुमची तक्रार बंद झालीय," म्हणाले. एरवी मी भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी म्हणालो, "चला साहेब, आधी विहिरीत वाकून बघू."