उचललं तिनंच

आप्पा लातूरच्या एका डाळ मिलमध्ये हमाल होते. आई तिथंच डाळ निवडायची. आम्ही तिघी बहिणी पत्र्याच्या एका खोलीत वाढलो. सकाळची भाकरी संध्याकाळी कुस्करून खायची, हे ठरलेलं. आप्पांना अक्षरओळख नव्हती. पोत्यावर काय लिहिलंय ते मुनीमजींना सरळ विचारायचे. "तुम्ही वाचून सांगा, उचलायचं माझं मी बघतो." त्यांना त्याची लाज नव्हती. मला होती.

घरातली पहिली पदवीधर मी. बी.एड. करून जळकोटकडच्या एका शाळेत लागले. नववीत एक मुलगी होती. तोंडी विचारलं की सगळ्यांच्या आधी तिचा हात वर, पेपर मात्र कोरा. मी तिला आळशी ठरवलं आणि धडा पाच वेळा लिहून आणायला लावला. तिनं आणला, पाचही वेळा चुकांनी भरलेला. मी रागावले तेव्हा खाली बघत म्हणाली, "मॅडम, प्रश्न वाचून होईस्तोवर तास संपतो."

दिवाळीनंतर तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. पोरीचं डोकं चालत नाही, शेतात तरी हात लागेल, म्हणत होते. मी त्यांना वर्गात मागच्या बाकावर बसवलं, जुनी चाचणी काढली आणि तिला एकेक प्रश्न वाचून दाखवला. मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत कसं जातं, हे तिनं न अडखळता सांगितलं. मुख्याध्यापक दारात उभे होते. म्हणाले, "मॅडम, ही तर कॉपी झाली."

"सर, मी नुसतं वाचलं. उचललं तिनंच."

बोलून गेल्यावर लक्षात आलं, हे माझं नव्हतं, आप्पांचं होतं.

तिचे वडील उठले. "घरी तर तोंड उघडत न्हाई. दहावीपर्यंत राहू द्या मग," म्हणाले. दाखला तसाच राहिला.

पुढं लातूरच्या सरकारी दवाखान्यात तिची तपासणी झाली, डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं वाचण्यातली अडचण निघाली, त्याच्या प्रमाणपत्रासाठी हेलपाटे झाले. वर्गात मी तिला फळ्यावरचं उतरवायला लावणं बंद केलं. पुस्तकावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवून एकच ओळ उघडी ठेवायची. उत्तर आधी बोलायचं, मग जमेल तेवढं लिहायचं. सगळं जमलं असं नाही. इंग्रजीपायी आम्ही दोघीही रडलो.

बोर्डाच्या परीक्षेला तिला लेखनिक आणि जादा वेळ मिळाला. पहिल्याच खेपेला ती दहावी पास झाली, तिच्या घरातली पहिली.