सिलेंडर काढलेली गाडी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही भूत म्हणणार नाही... झालं ते फक्त सांगतो.

मी शेलूला राहतो, लोधिवलीजवळच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. गाडी गॅसची. सीटच्या मागे सिलेंडर आडवा बांधलेला असतो. त्यातला पातळ गॅस नळीतून पुढे येतो, इंजिनाच्या गरम पाण्याने त्याची वाफ होते आणि ती हवेत मिसळून पेट्रोलसारखी जळते. इंजिन चालू असेल तरच पुढचे लोखंडी फाटे वर जातात. सिलेंडर काढला की गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

त्या दिवशी बदलीचा ऑपरेटर आलाच नाही, दुसरी पाळीही माझ्याच गळ्यात. अंग आंबून गेलं होतं. दुपारी गॅस संपत आला. रॅकच्या खालच्या रिकाम्या खणात फाटे टेकवून गाडी उभी केली. सिलेंडरचा कॉक बंद केला, नळीतला उरलेला गॅस जळून इंजिन बंद पडेपर्यंत थांबलो. किल्ली खिशात टाकली, सिलेंडर सोडवला आणि दुसरा आणायला बाहेर गेलो. झाडलोट करणाऱ्या कमलताई त्याच खणाकडे निघाल्या होत्या.

भरलेल्या सिलेंडरला हात घालतोय, तोच आत इंजिनाचा आवाज. आमच्याच गाडीचा — तो मी झोपेतही ओळखेन.

धावत आलो. वरच्या खणाची फळी मोडून साबणाच्या खोक्यांचा अख्खा ढीग खाली आला होता आणि फाट्यांवर अडकला होता. फाटे वर उचललेले. त्यांच्याखाली कमलताई, उकिडव्या बसलेल्या. सीटवर कोणी नाही. मागे नळी नुसती लोंबत होती.

त्यांना ओढून बाहेर काढलं, आणि इंजिन बंद पडलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "दीपक, गाडीवर तूच व्हतास ना रं?"

"नाय ताई. मी बाहेर होतो."

"मग हलू नको म्हनून मला कोन बोललं?"

मेकॅनिक म्हणाला, नळीत थोडा गॅस राहिला असेल. किल्लीशिवाय सुरू कशी झाली, विचारलं तर हत्यारांची पेटी उचलून निघाला. साहेबांनी फळ्या बदलल्या, विषय वाढवू नका म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताई कामावर, मीही त्याच सीटवर.

कोणाला कारण माहीत असेल तर जरूर लिहा. मी नुसतं वाचेन... वाद घालायची ताकद आता माझ्यात नाही.