परब सरांनी घातलेली एक ओळ

परब सर गेल्याचं कळलं तेव्हा मी अंधेरीला ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसले होते. फोन सरांच्या घरून, काकूंचाच होता. "सुजाता, हे गेले गं…" एवढंच म्हणाल्या. डबा तसाच टाकून मी मुलुंडला गेले, आणि तिथे जमलेल्या माणसांत सगळ्यात जास्त मीच रडले. सरांच्या भावाने हळूच विचारलं, "ही कोण?" काकू म्हणाल्या, "ह्यांची मुलगीच समजा." आज सहा आठवड्यांनी हे लिहिताना ते शब्द आठवतात… पण त्या दिवशी वाटले तसे ते आता वाटत नाहीत.

आमच्या घाटकोपरच्या घरात संगणकावर पोट भरणारी मी पहिली. उपनगरांत ठिकठिकाणी रक्ताचे नमुने घेणाऱ्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली. सगळे रिपोर्ट एकाच सर्व्हरवरून निघायचे आणि त्या सर्व्हरची सगळी जबाबदारी परब सरांकडे. त्यावर नवं काही टाकायचं म्हटलं की मी आधी सरांना हाक मारायचे. "घाबरतंस कित्याक गो?" सर हसून मालवणीत म्हणायचे. सर्व्हरवर नवे प्रोग्राम बसवणारा इन्स्टॉलर कसा वागतो ते त्यांनीच मला समजावलं. "त्याला एक वस्तू आणायला सांगितलीस, तर ती आणि तिला लागेल तेवढंच आणतो. घरात आधीपासून जे नीट चाललंय, त्याला हात लावत नाही. आपण मुद्दाम सांगितलं, तरच सगळं नवं करतो." मी ते डोक्यात पक्कं बसवलं. सर सांगतात म्हणजे तसंच असणार, यात मला कधी शंका आली नाही.

मग ती दुपार. बारकोडच्या प्रिंटरसाठी एक छोटासा प्रोग्राम टाकायचा होता. मी टाकला. स्क्रीनवर जरा जास्तच ओळी सरसर वर गेल्या, पण शेवटी सगळं व्यवस्थित झाल्याचं दिसलं आणि मी चहा प्यायला उठले. पाचच्या सुमारास बोरिवलीच्या एका डॉक्टरांचा फोन आला. "आज तुमच्याकडे कुणाच्याच क्रिएटिनिनला पॉइंट कसा नाही? सगळ्यांचे आकडे पूर्णच?" माझ्या त्या छोट्या प्रोग्रामसोबत, रिपोर्टमधले आकडे मांडणारा जुना भागही नवा होऊन बसला होता आणि तो पॉइंटच्या पुढचं सगळं खाऊन टाकत होता. ज्याचं क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ, त्याच्या कागदावर नुसता एक. किडनी कुरकुरणारा माणूस कागदावर ठणठणीत! चार तासांचे रिपोर्ट बाहेर गेले होते. आम्ही सगळे फोन घेऊन बसलो, एकेका घरी कळवलं. कुणाला चुकीचं औषध गेलं नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या मालकांच्या केबिनमध्ये मी एकच सांगत होते, "मी अपडेट करायला सांगितलंच नव्हतं. फक्त बारकोडचं टाकलं." मालकांनी सरांकडे पाहिलं. "परब, हा इन्स्टॉलर आपणहून जुनं काही बदलतो का?" सर टेबलाच्या कडेकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले. "सांगितल्याशिवाय नाही बदलत." सर खोटं बोलत नाहीत, म्हणजे मीच काहीतरी चुकीचं टाइप केलं असणार… मला तेच खरं वाटलं. स्वतः तपासून बघावं तर माझ्याकडून सर्व्हरचा पासवर्डही काढून घेतला होता. मी राजीनामा लिहून दिला. "पोरी, लोकांच्या जिवाशी गाठ असते तिथे लक्ष देऊन काम करावं," एवढंच बाबा म्हणाले.

पुढची दोन वर्षं मी एका क्लासमध्ये मुलांना संगणक शिकवला. एंटर दाबताना बोट थांबायचं. मग एके दिवशी सरांचा फोन आला, आणि त्यांच्या शब्दावर मला अंधेरीला नोकरी मिळाली. लग्नात ते पहिल्या रांगेत बसले होते. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा सर रोज संध्याकाळी काकूंनी दिलेला डबा घेऊन यायचे. बाबांनी एकदा त्यांचा हात धरला. म्हणाले, "साहेब, माझ्या मुलीची एवढी मोठी चूक तुम्ही पोटात घातलीत." सरांनी हात सोडवून घेतला नाही. "जुना झाला ता, राहूं दे," म्हणाले. मी खाटेच्या पायाशी उभी होते. चार दिवसांनी बाबा गेले.

सर गेल्यावर महिन्याभराने काकूंनी बोलावलं. लॅपटॉपमधले फोटो काढून हवे होते, आणि पासवर्ड सरांच्या वह्यांत कुठेतरी होता. सर्व्हरवर केलेला प्रत्येक बदल सर तारखेनिशी हाताने लिहीत. ज्याला सांगायचं त्याचं नाव पुढे, आणि सांगून झालं की टिक. शोधता शोधता लॅबमधल्या त्या वर्षाची वही हाती आली. माझ्या त्या दुपारच्या तीन दिवस आधीची नोंद होती: 'इन्स्टॉलरचं डिफॉल्ट बदललं. सेटिंगमध्ये एक ओळ घातली. आता काहीही टाकलं की सोबतचं सगळं नवं होईल. जुने भाग राहिले म्हणून होणारी ऑडिटची कटकट संपली. सुजाताला सांगायचं.' वरच्या सगळ्या नोंदींपुढे टिक होती, खालच्याही. हिच्यापुढे नव्हती.

विसरले, हे मी त्याच क्षणी माफ केलं असतं. कामाच्या रगाड्यात कोण विसरत नाही? पण केबिनमध्ये ते विसरलेले नव्हते. सांगितल्याशिवाय नाही बदलत… त्यातला शब्द न् शब्द खरा होता. इन्स्टॉलरला सांगितलं होतं, फक्त ते सरांनी. आणि आता ती नोकरी, लग्नातली ती पहिली रांग, तो डबा, एकेक गोष्ट मी उलटी करून बघते. यातलं माझ्यासाठी किती होतं आणि त्या ओळीसाठी किती? हे विचारायचं कुणाला?

काकू दारात उभ्या होत्या. "सापडलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"शेवटी हे हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा सांगितलं मला. सुजाताला बोलव म्हणाले. तू आलीस, दोन तास बसलीस, आणि हे आपले तुझ्या लेकीच्या शाळेचं विचारत राहिले."

"मग तुम्ही तरी सांगायचं ना, काकू! माझे बाबा तर आधीच गेले, ती चूक माझीच आहे असं समजून."

त्या खाली बसल्या. मग त्यांनी सरांचं पेन माझ्यापुढे ठेवलं. "आता कळलं ना तुला? टिक कर, आणि वही घेऊन जा."

मी पेन उचललं. टोपण काढलं. पण होईना. "काकू," मी म्हटलं, "सांगितलं कुठे त्यांनी?"

हे छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. "मला माहीत होतं, तेही राहू दे त्यात," म्हणाल्या. मी अजून मुलुंडला जाते. सरांच्या खोलीत, त्यांच्या टेबलावर ती वही आहे, शेजारी पेन. काकू दोन्ही पुसून पुन्हा तिथेच ठेवतात. आम्ही दोघी तिथे बसून चहा पितो, आणि वही उघडत नाही.