नळाचे नऊ हजार

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होतील आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यानंतर पेन हातात घेतलं ते सही करायला, नाहीतर किराण्याची यादी करायला. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी सापडली, त्यांवर लिहिते आहे. चार माणसांत मला बोलता येत नाही. दोघांतही धड येत नाही. एक गोष्ट कुणाला सांगितलीच नाही, ती इथं ठेवते.

आमचं घर बडनेऱ्याच्या बाहेर आहे. तिथं आधी तुरीचं वावर होतं, त्याचे प्लॉट पाडले. प्लॉट स्वस्त होता म्हणून घेतला. स्वस्त का होता ते पहिल्याच वर्षी समजलं. रस्ता नाही, नाली नाही, नळ नाही. सगळं देतो म्हणणारा प्लॉटवाला पैसे घेऊन गेला तो पुन्हा दिसला नाही. काळी माती उन्हाळ्यात फाटते, तिच्याबरोबर आमच्या भिंतीही फाटतात. दर वर्षी भेगांत सिमेंट भरायचं.

घर बांधलं तेव्हा मुलीच्या बाबांचं काम अमरावतीला होतं. ते सुटलं आणि दुसरं मिळालं अकोल्याला, दालमिलमध्ये. घर काही उचलून नेता येत नाही. ते सकाळच्या गाडीनं जातात आणि रात्री परततात, केसांत डाळीची चुनी घेऊन. गल्लीत सगळ्यांचंच असं आहे. साडेनऊपर्यंत बारा घरांना कुलपं लागतात. कुणी अकोल्याला, कुणी ऑटोनं अमरावतीला, दुकानात, दवाखान्यात, ऑफिसात. बायासुद्धा जातात. घरी मी एकटी, साड्यांना फॉल लावत बसलेली. म्हणून सगळ्यांच्या चाव्या माझ्याकडं राहायच्या. गॅसवाला आला तर, कुणाचं पोरगं शाळेतून लवकर आलं तर. जाताना माझ्या दाराच्या खिळ्याला चावी अडकवायची आणि येताना काढून न्यायची. त्यात काही बोलावं लागत नसे. लोक विश्वासानं चावी ठेवतात याचं मला मनातून फार बरं वाटायचं.

शेजारच्या घराची चावीही असायची, पण ते घर रिकामं नसायचं. आत आजी असायची.

शेजारच्या भाऊंची ती आई. मोर्शीकडच्या खेड्यात तिचा जन्म गेला. म्हातारी झाल्यावर भाऊंनी तिला इथं आणलं. आल्या आल्या ती एकदा एकटीच चालत निघाली आणि दुपारी रुळाजवळ सापडली. तेव्हापासून तिचा मुलगा आणि सून बाहेरून कुलूप लावून कामाला जायचे. सून मला म्हणाली होती, "ताई, चावी ठेवा, पण कितीबी म्हटलं तरी दार उघडू नका. पडलीबिडली तर मातर पहा." माणसं वाईट नव्हती. ती निघताना आजीजवळ भाकरी, पाणी, गोळ्या सगळं काढून ठेवायची. आजीला कुठं जायचं होतं तेही त्यांना ठाऊक होतं. आजी महानुभाव पंथाची. तिला रिद्धपूरला जायचं होतं, राजमठात डोकं टेकायला. भाऊ म्हणायचे, दिवाळीत नेतो. दिवाळी झाली की म्हणायचे, उन्हाळ्यात. हप्त्यात एक रविवार मिळायचा, तो दळण आणण्यात आणि झोपेत जायचा.

तिची खिडकी माझ्या ओट्यासमोर होती. मी फॉल लावत बसे आणि ती गजांना धरून बोलत राही. मी हूं हूं करायची. तिला तेवढं पुरायचं.

"काय वं, जेवली का?"

"हो आजी."

"काय केलं होतं?"

"आलनभाजी."

"मायासाठी नाई आनली? मले काय, दात नाई, पन जीभ तं हाय!"

मग मी वाटीभर भाजी गजातून द्यायची. खाऊन झाल्यावर ती वाटी स्वतःच्या पदरानं पुसून परत करायची आणि म्हणायची, "दंडवत, बाई."

तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या लोकांनी मिळून नळ आणायचं ठरवलं. घरामागं नऊ हजार. जो देणार नाही त्याला जोडणी नाही. आमच्याकडं तेव्हा मुलीची फी भरून काहीच उरलं नव्हतं. रात्री घरात त्यावरून बोलाचाली झाली. ती बहुतेक आजीच्या कानावर गेली असावी, कारण आमच्या भिंतींतून सगळंच ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी तिनं मला खिडकीजवळ बोलावलं आणि फडक्याची पुरचुंडी गजातून बाहेर काढली. तिच्या भावांनी वावर विकलं तेव्हा तिची सही लागली होती, त्या सहीचे ते पैसे. मुलाला माहीत नव्हते.

"घे. नळ लाव तुया."

मी हात मागं घेतला. म्हटलं, "आजी, मी फेडणार कधी?"

"फेडाचे नाईच. मले एकडाव रिद्धपूरले नेऊन आन. पयसा फिटला समज. चावी तं तुयाचजवळ हाय."

मी हो म्हटलं. नळाचे पैसे भरायला दोनच दिवस उरले होते, पण तेवढ्यासाठी म्हटलं नाही. खरंच नेईन असं मला वाटत होतं. सकाळी सगळे गेले की निघायचं, अमरावतीच्या स्टँडवरून बस धरायची, डोकं टेकवून दिवेलागणीच्या आत परत. कुणाला कळणारही नाही.

नळ आला. बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. आजी खिडकीतून पाहत होती. "पानी गोड हाय का वं?" तिनं विचारलं. मी तांब्या भरून दिला. ती घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "मंग कवा निघाचं?"

ऊन तापायच्या आधी निघायचं ठरलं. शिवरात्र झाल्यावर एका सकाळी मी कुलूप उघडलं. आजी केव्हाची तयार होती. स्वच्छ धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. पिशवीत विडा आणि नारळ. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आम्ही हळूहळू नाक्यापर्यंत चालत गेलो. ऑटो उभा होता. ऑटोवाला रोज आमच्याच गल्लीतली माणसं न्यायचा.

"अरे वा! वहिनी, आजीले पळवून नेता का काय?" तो म्हणाला. आत बसलेल्या बाया हसल्या.

मी आजीची पिशवी हातात घेतली.

"भाऊले तं आत्ताच सोडून आलो मी, कायी बोलला नाई तो. थांबा, फोन लावू का त्याले?"

तो थट्टाच करत होता. आज मला ते कळतं. पण तेव्हा सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. भाऊंना कळेल, सून म्हणेल चावी यासाठी दिली होती का, सारी गल्ली आपापल्या चाव्या काढून नेईल, असं एकदम सगळं डोक्यात आलं. मी म्हणाले, "कुठं नाही. पाय मोकळे करायला आणलं त्यांना."

आणि तिला घेऊन परत फिरले.

घरात नेऊन बसवली, नारळ पिशवीतून काढून फळीवर ठेवला. मी कुलूप लावत होते तेव्हा आतून आवाज आला, "दोन तिकिटं दे म्हनाचं होतं वं. येवढंच तं होतं."

पुन्हा नेईन असं मी ठरवत राहिले. मग ऊन फार तापलं. मग पाऊस लागला आणि गल्लीत घोट्यापर्यंत चिखल झाला. आजीनं माझ्याजवळ रिद्धपूरचं नाव पुन्हा काढलं नाही. जेवली का एवढं मात्र विचारायची. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोळ्याच्या आधी तिला ताप आला. चार दिवस दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी दुपारी तिला घेऊन दवाखान्याची गाडी गल्लीत येऊन थांबली. भाऊ उतरले आणि म्हणाले, "ताई, दार उघडून द्या." गल्लीत मी एकटीच होते. मी कुलूप काढलं. तिला आत आणून जमिनीवर ठेवलं. भाऊ भिंतीला टेकून बसले, मी दारात बसले. सून दवाखान्यातच मागं राहिली होती, कागदपत्रं करायला. संध्याकाळपर्यंत दुसरं माणूस आलं नाही, कारण माणसं होतीच कुठं? आधी अमरावतीची आली, मग अकोल्याच्या गाडीची. मग माती द्यायला तिला गावाला नेलं.

मुलीच्या बाबांना मी पैशांचं सांगितलं. ते म्हणाले, "तिले ठाऊक होतं अन् तुले. आता कोन मांगनार हाय?" मी मात्र फॉलचे पैसे वेगळे ठेवू लागले. एका साडीला हातात तीस-चाळीस रुपये पडतात. पाचशे जमले तेव्हा एका रविवारी शेजारी गेले.

"कशाचे?" सुनेनं विचारलं.

"आजींनी नळासाठी दिले होते. नऊ हजार. थोडे थोडे करून देते."

ती माझ्याकडं पाहतच राहिली. मग नवऱ्याकडं वळली. "ऐकलं का? आपल्याले लाइटबिल भरायची मारामार, अन् तुमच्या मायनं शेजारचा नळ भरला!" बोलता बोलता तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले.

भाऊ म्हणाले, "आईनं दिले ना? राहू द्या, ताई."

"राहू काहून द्या? आना इकडं, ताई."

मग भाऊंनी विचारलं, "तिनं बदल्यात काही मागितलं नव्हतं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. त्यांना राग आला असता, रडू आलं असतं, जे व्हायचं ते झालं असतं. मी म्हणाले, "नाही."

त्यानंतर दोन वर्षं लागली. कधी तीनशे, कधी पाचशे. लग्नसराईत एकदा आठशे. दर वेळी सून मोजून घ्यायची आणि भाऊ टीव्हीकडं पाहत बसायचे. जितके पैसे फिटत गेले तितकं ते रिद्धपूर माझ्यापासून लांब गेलं. आजी तर म्हणाली होती, फेडायचे नाहीत.

शेवटचे चारशे काल सकाळी दिले. सून खांद्याला पर्स लावून ऑटोला निघाली होती. उभ्या उभ्याच तिनं मोजले.

"झाले ना, ताई?"

"झाले."

"चला, सुटल्या तुमी. आता तुमच्याकडं आमचं कायीच रायलं नाई."

नाक्यावर हॉर्न वाजला तशी ती पळाली. पूर्ण नऊ हजार फिटले.