कावेरीच्या नावाचा पुकारा

या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे, पण खरं सांगायचं तर वाचायला नाही... हसायला. कुणाच्या मागे पैंजण वाजले, कुणाला पिंपळाखाली बाई दिसली — मी ते मैत्रिणींना फॉरवर्ड करायचे आणि आम्ही टिंगल करायचो. आमच्या घरातही असलं काही मानत नाहीत. आम्ही मारवाडी, चार पिढ्या जालन्यात. पप्पांचं बी-बियाणांचं दुकान आहे आणि त्यांचं म्हणणं एकच, जे रुजतं ते बी खरं, बाकी गप्पा. मी त्यांचीच मुलगी. आजही मला कुणी भूत आहे का विचारलं तर मी नाहीच म्हणेन. पण त्या दुपारी मी जे ऐकलं ते ऐकलं. ते नाही म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बारावी झाली होती, लॉ सीईटी दिली होती, आणि ॲडमिशनच्या राउंड काही केल्या सुरू होत नव्हत्या. पप्पांना मी वकील होणं पसंत नव्हतं. "शहाणा माणूस कोर्टाची पायरी चढत नाही म्हणतात, अन् तू रोज चढणार?" शेवटी तोडगा निघाला. आमच्या गल्लीतल्याच एक मॅडम सरकारी वकील आहेत, त्यांच्यासोबत जाऊन काम बघायचं. आवडलं तर लॉ, नाही तर बीकॉम.

मॅडमची नेमणूक जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कोर्टात होती. तालुक्याचं नाव लिहीत नाही, केस अजून अपिलात आहे. माणसांची नावंही बदलली आहेत. इमारत दोन मजली. वरच्या मजल्यावर कोर्ट हॉल, त्याच्यासमोर लांब व्हरांडा, भिंतीला लागून बसायला सिमेंटचे ओटे. व्हरांड्याचं एक टोक बंद, तिथं जुनी लोखंडी कपाटं रचून ठेवलेली. दुसऱ्या टोकाला जिना. म्हणजे वर यायचं किंवा खाली जायचं तर तो एकच रस्ता. हे एवढं नीट सांगतेय, कारण नंतर मी स्वतः ते पुन्हा पुन्हा तपासलंय.

माझ्या इंटर्नशिपमध्ये अधिकृत असं काही नव्हतं. फायली लावायच्या, मॅडमसाठी तारखा लिहून घ्यायच्या, आणि साक्षीदार आले की त्यांच्याजवळ बसायचं. हे शेवटचं काम मॅडमनी मुद्दाम दिलेलं. म्हणायच्या, "कोर्टात आलेला माणूस आधीच अर्धा मेलेला असतो गं. त्याला पाणी पाज, घरचं विचार. कायदा नंतर."

तिथं मला सुमनमावशी भेटली. पन्नाशीची असेल. वाटूर फाट्यावर गाडी बदलून यायची, हातात कापडी पिशवी, पायात झिजलेल्या स्लिपर. नवरा आधीच गेलेला. एकुलती लेक कावेरी, तीही गेली.

केस अशी होती... कावेरीनं जिवंत असताना नवरा आणि सासूविरुद्ध छळाची तक्रार दिली होती. मग चार लोक मध्ये पडले, समजूत घातली, ती परत नांदायला गेली. तक्रार मात्र कोर्टात तशीच राहिली. आणि वर्षाच्या आत कावेरी शेतातल्या विहिरीत सापडली. पाणी आणायला गेली, पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. गावातलं कुणी तोंड उघडलं नाही. अपघाती मृत्यू म्हणून ते तिथंच मिटलं. उरली ती ही छळाची केस — जिच्यात तक्रार देणारीच नव्हती. आता आई काय बोलते यावर सगळं.

त्यात आणखी एक भयंकर गोष्ट होती. कावेरी वारली हा रिपोर्ट कोर्टापर्यंत पोहोचलाच नव्हता, कुठंतरी अडकला होता. त्यामुळे कागदोपत्री ती अजून पहिली साक्षीदार होती आणि तिच्या नावाचं समन्स निघतच होतं. मावशी मला पहिल्यांदा काय म्हणाली माहितेय?

"सरकारच्या हिशोबानं माही लेक जित्ती हाये बघ, माय."

आणि हसली. मी पाण्याची बाटली पुढे केली.

साक्षीच्या दिवशी ती लवकर आली होती. पिशवीत नातीसाठी फ्रॉक होता, पिवळा, कागदात गुंडाळलेला. कावेरीची मुलगी श्रावणी, चारेक वर्षांची, सासरीच राहायची. आईच्या दिवसकार्यानंतर मावशीला तिचं तोंडही बघू दिलं नव्हतं. आणि त्या दिवशी ते लोक तिला घेऊन आले होते! खाली लिंबाच्या झाडाखाली त्यांची जीप, आत आत्याच्या मांडीवर ती पोरगी. मावशीला दोन मिनिटं कडेवर घेऊ दिलं. पोरगी आधी लाजली, मग मावशीच्या कानातलं ओढून बघायला लागली.

वर आल्यावर मावशी माझा हात धरून बसली. 

"मॅडमला सांगू नको. मी आज काईच बोलणार न्हाई. मला म्हाईत न्हाई, मारलं का न्हाई, मी बघितलं न्हाई. असं बोलले का आठ दिवस पोरगी देतो म्हणले. मंग सुट्टीला बी देतो म्हणले."

"पण मावशी..."

"गेली ती गेली, माय. आता तिला कोण आणणार? हाये तिला तर बघू दे मला."

मॅडमना मी सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच होतं. जीप त्यांनीही पाहिली होती. आत जाताना मला हळूच म्हणाल्या, "आज ही फिरणार. तिला दोष देऊ नको बरं. आपणही तेच केलं असतं."

जेवणाची सुट्टी संपून कोर्ट बसलं. मॅडम आत गेल्या. व्हरांड्यात मी, मावशी, पलीकडच्या ओट्यावर कावेरीचा नवरा आणि सासू. बाकीचे लोक होतेच, कुणी फोनवर, कुणी डुलक्या घेत. नेहमीचे शिपाई रजेवर होते, त्यांच्या जागी रफिकभाई म्हणून नवे आले होते. त्या शिपायांना ही हकिगत ठाऊक होती, ते कावेरीचं नाव सोडून थेट मावशीचं नाव घ्यायचे. रफिकभाईंना काय माहीत! त्यांनी समोर होतं ते वाचलं. दारात येऊन, मान वर करून, मोठ्या आवाजात —

"कावेरी भ्रतार गणेश... हाजिर?"

कोर्टात बायकांना असंच पुकारतात, नवऱ्याच्या नावासकट. मावशीच्या अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. तिनं पदर तोंडाला लावला. मी उठले, रफिकभाईंना जाऊन सांगावं म्हणून. दोन पावलं टाकली असतील नसतील...

"आले, आले... हात धुऊन राह्यले!"

जिन्याकडून. बाईचा आवाज, तरुण, जरा घाईतला. घरात आपण आतून ओ देतो ना, तसा. त्यात भीतीदायक काहीही नव्हतं. उलट मला क्षणभर हसूच आलं... कोर्टाच्या पुकाऱ्याला असं कोण उत्तर देतं? खाली पाण्याच्या नळावर कुणी बाई असेल, वाटलं.

रफिकभाईंनी सरळ आत वळून सांगितलं, "हाजिर हैं साहब, आ रही हैं."

मी मागे वळून पाहिलं. मावशी उभी राहिली होती. तोंडावरचा पदर खाली आलेला, डोळे जिन्यावर. आणि पलीकडे गणेश, कावेरीचा नवरा, तोही जिन्याकडे बघत होता. तो भिंतीला टेकत टेकत खाली बसला, ओट्यावर नाही, फरशीवर. त्याची आई त्याला विचारत होती, "काय झालं रे? काय झालं?" तिला काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं.

मी जिन्याकडे पळाले. जिना रिकामा. खालच्या पायऱ्यांवर एक कॉन्स्टेबल बसले होते, पायाला प्लास्टर. "काका, आत्ता कुणी बाई इथून वर आली का? किंवा खाली?"

"न्हाई बा. मी बसलो तवापासून कुणीच न्हाई. मला उठावं लागलं असतं ना."

"आवाज ऐकला का तुम्ही? हात धुऊन येते म्हणाली..."

"न्हाई. बिलकुल न्हाई."

नळ इमारतीच्या मागे होता, तिथंही कुणी नव्हतं. त्या दिवशी कोर्टात दुसरी कुणी कावेरी होती का, तेही मी नंतर विचारलं. नव्हती.

वर आले तर आत गोंधळ. साक्षीदार कुठे आहे म्हणून जज साहेब विचारत होते, मॅडम सांगत होत्या की ती साक्षीदार मयत आहे, चुकून नाव पुकारलं गेलं. रफिकभाई घामाघूम. मला बघून पुटपुटले, "आवाज तो आयी ना बेटा? तुम भी सुनी ना?"

मी हो म्हणून मान हलवली. एवढंच.

मग मावशीचं नाव पुकारलं. ती आत गेली, पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला. त्यांच्या आवाजातच हार होती. आणि मावशी बोलायला लागली.

सगळं बोलली. कुठल्या सणाला काय मागितलं, कधी उपाशी ठेवलं, लेकीच्या पाठीवरचे वळ तिनं स्वतः कसे शेकले. उलट तपासणीत गणेशच्या वकिलानं खूप फिरवलं, पण ती हलली नाही. शेवटी तो म्हणाला की तुमची मुलगी तर आपल्या मनानं नांदायला परत गेली होती, म्हणजे त्रास नव्हताच. तेव्हा मावशी जज साहेबांकडे वळली.

"साहेब, म्या तिला शेवटची अंघोळ घातली. तिच्या बांगड्यात पीठ होतं. नखात पीठ होतं. कणीक मळताना उठल्ती ती. माही लेक हात धुतल्याबिगर कुठं जायची न्हाई. लहानपणापसून हाक मारली का एकच, 'हात धुऊन राह्यले.' पिठाचे हात घेऊन इहिरीवर कोण जातं, साहेब?"



'हात धुऊन राह्यले' हे वाक्य मावशी माझ्याशी कधी बोलली नव्हती. मॅडमशीही नाही. पोलिसांच्या जबाबात नव्हतं, मी तो सगळा वाचला होता. रफिकभाई तर त्या सकाळीच त्या कोर्टात आले होते. आम्ही दोघांनी ते वाक्य आधी ऐकलं. मग ते कुणाचं होतं ते कळलं.

पिठाचं बोलणं या केसशी संबंधित नाही म्हणून त्यांच्या वकिलानं हरकत घेतली. ही छळाची केस आहे, मृत्यूची नाही. कायद्यानं तो बरोबर होता. ते नोंदीत आलं नाही.

मावशी बाहेर आली आणि पिशवी घेऊन जिना उतरायला लागली, मी मागोमाग. लिंबाखाली जीप चालू झालेली होती. पोरगी मागच्या काचेतून बघत होती... हात हलवायला शिकवलेलं असतं ना लहान पोरांना, तसा हलवला. मावशीनं फ्रॉक काढून वर धरला, काय करावं हे न कळल्यासारखा. जीप गेली. ती तशीच उभी. फ्रॉकची घडी तिनं पुन्हा घातली नाही, तसाच पिशवीत कोंबला.

"मावशी, का बोललात?" मी विचारलं. मला विचारायला नको होतं.

"ती आल्ती ना," म्हणाली. "तिच्यासमोर कसं खोटं बोलू?"

गणेशला शिक्षा झाली, थोडी. अपिलात जामीन मिळाला. पिठाच्या गोष्टीवरून मृत्यूचा तपास पुन्हा व्हावा म्हणून मॅडमनी वर लिहिलं, त्याचं काय झालं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. श्रावणीला मावशीनं त्यानंतर पाहिलेलं नाही. ते लोक तिला घेऊन दुसरीकडे राहायला गेले.

मी लॉला आहे. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ताणात माणसाला भास होतो. होत असेल. पण मावशीचा ताण मला कसा ऐकू आला? रफिकभाईंना कसा? आणि गणेश फरशीवर का बसला?  

गेल्या दिवाळीत मी मावशीच्या गावी गेले होते. एकटीच असते. तिनं चहा केला, फरसाण दिलं, अभ्यासाचं विचारलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "तू शिकलेली हायेस, एक सांग मला. मी रोज हाक मारते तिला. सैपाक करताना मारते, अंगणात मारते. तिथं परक्या माणसानं बोलवलं तर आली जल्दी. माह्या हाकेला का येत न्हाई?"

मी फरसाणाची ताटली बाजूला ठेवली.

"थांब, तू हायेस तर आज बघू," ती म्हणाली. उठून दारात गेली, चौकटीला हात लावला आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "कावेरीऽऽ... ए कावेरी..."

आणि आम्ही दोघी कान देऊन ऐकत राहिलो.